सर्पदंशाची फाईल

सन २००४च्या पावसाळ्यात मी मध्य भारतातील एका जिल्ह्याचा कलेक्टर होतो. जिल्ह्याचे नाव देत नाही, कारण जे सांगायचे आहे ते त्या एका जिल्ह्यापुरते नाही. सर्पदंशाने मृत्यू झाल्यास वारसांना महसूल खात्यातर्फे अर्थसाहाय्य देण्याची तेथे तरतूद होती. अशा फायली पटवारी, तहसीलदार, एसडीएम अशा पायऱ्या चढून माझ्यापर्यंत येत. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत टेबलावर त्यांचा ढीग असे.

त्यातली एक फाईल माझ्या अजून लक्षात आहे. दहा-अकरा वर्षांची मुलगी जमिनीवर झोपली होती. पहाटे पोटात दुखते म्हणून उठली. थोड्या वेळाने पापण्या जड झाल्या, थुंकी गिळता येईना. वडिलांनी आधी ओझाकडे नेले, नंतर प्राथमिक आरोग्य केंद्रात. तेथील डॉक्टरांनी कागदावर 'रेफर' असे लिहून तिला साठ किलोमीटरवरच्या जिल्हा रुग्णालयाकडे पाठवले. ती वाटेतच गेली. घरचे तेथूनच परत फिरले आणि संध्याकाळच्या आत तिला मूठमाती दिली. शवविच्छेदन झाले नाही, म्हणून मृत्यूचे कारण सिद्ध झाले नाही, म्हणून साहाय्य अनुज्ञेय नाही. टिपणी नियमाच्या दृष्टीने निर्दोष होती. मी 'मान्य' असे लिहून सही केली. टिपणीत वडिलांचा जबाब होता आणि त्यात 'करैत' असा शब्द होता. करैत म्हणजे आपली मण्यार, हेसुद्धा मला नंतर कितीतरी दिवसांनी कळले.

त्याच महिन्याच्या आढावा बैठकीत आरोग्य विभागाच्या तक्त्यात सर्पदंशाच्या मृत्यूंपुढे '२' हा आकडा होता. माझ्याच टेबलावर त्याच महिन्याच्या त्याहून कितीतरी अधिक फायली होत्या. दोन्ही कागद एकाच खोलीत होते, एकाच माणसाच्या सहीचे होते, पण ते शेजारी ठेवून पाहावेत असे मला सुचले नाही. एक आरोग्याचा विषय होता, दुसरा महसुलाचा.

२०११मध्ये मी दिल्लीत असताना एका सहकाऱ्याने मला एक शोधनिबंध वाचायला दिला. टोरांटो विद्यापीठातील प्रभात झा आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी आपल्याच महानिबंधक कार्यालयाच्या नमुना नोंदणी पद्धतीचा आधार घेऊन देशभरातील मृत्यूंच्या कारणांचा शोध चालवला होता. त्याची रीत मोठी साधी आणि मोठी चतुर आहे. देशातून यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या ६,६७१ वस्त्यांमध्ये प्रगणक घरोघरी गेले. ते डॉक्टर नव्हते. ज्या घरी मृत्यू झाला असेल तेथे बसून त्यांनी काय झाले, कसे झाले, हे घरच्यांच्या शब्दांत लिहून घेतले. ते कथन दोन डॉक्टरांनी, एकमेकांना न विचारता, स्वतंत्रपणे वाचून मृत्यूचे कारण ठरवले आणि मतभेद मिटला नाही तर तिसऱ्याने निर्णय दिला. या पद्धतीला तोंडी शवविच्छेदन म्हणतात. २००१ ते २००३ या काळातील सुमारे १ लाख २३ हजार मृत्यू असे तपासले गेले आणि त्यांपैकी ५६२ सर्पदंशाचे निघाले. त्यावरून गणित मांडले तेव्हा २००५ या एका वर्षात देशात सुमारे ४६ हजार माणसे सापाने गेली असा अंदाज आला. त्यांतले ९७ टक्के मृत्यू ग्रामीण भागातले होते, आणि तीन चतुर्थांशांहून अधिक मृत्यू रुग्णालयाबाहेर झालेले होते.

'रुग्णालयाबाहेर' हा शब्द वाचून मी थांबलो. त्या मुलीच्या वडिलांचा जबाब हे एक तोंडी शवविच्छेदनच होते. दुखणारे पोट, मिटणाऱ्या पापण्या, गिळता न येणे : मण्यारीच्या दंशाचे इतके नेमके वर्णन वैद्यकाच्या पुस्तकातही याहून वेगळे नसते. शास्त्राने जे साक्षीपुरावा म्हणून स्वीकारले, ते शासनाने, म्हणजे मी, पुरावा नाही म्हणून फेटाळले होते.

येथे कोणी आक्षेप घेईल की संख्याशास्त्राचा अंदाज वेगळा आणि सरकारी तिजोरीतून पैसे देणे वेगळे. आक्षेप खरा आहे. लाखभर कथनांमध्ये इकडच्या-तिकडच्या चुका बऱ्याच अंशी एकमेकींना छेद देतात, एका फायलीत तसे होत नाही. शिवाय सर्पदंशाच्या साहाय्यात बनावट मृत्यू दाखवून रकमा उचलल्याची प्रकरणेही उघडकीस आली आहेत, आणि उत्तर प्रदेशासारख्या राज्यात ही रक्कम आता ४ लाख रुपये असताना मोह होणारच. परंतु माझा मुद्दा पैशांचा नाही. जबाब पैसे देण्यास पुरेसा नसेल, पण मोजण्यास तो पुरेसा होता. आम्ही दावा फेटाळताना मृत्यूच फेटाळला.

२०२०मध्ये याच गटाने पुढचा हिशेब प्रसिद्ध केला. २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख मृत्यू, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. चौथ्या हिश्श्याहून अधिक पंधरा वर्षांखालील मुले. सत्तरीच्या आत सापाने मरण्याचा धोका देशाच्या सरासरीने २५० माणसांत एकाला. आणि प्रशासकाने चष्मा पुसून वाचावी अशी एक ओळ : २००३ ते २०१५ या काळात सरकारी रुग्णालयांनी घोषित केलेले सर्पदंशाचे मृत्यू सुमारे १५,५००, तर या अभ्यासाच्या हिशेबाने त्याच रुग्णालयांत झालेले मृत्यू सुमारे १ लाख ५४ हजार. घरी मेलेल्यांचे सोडून द्या, आपल्या खाटेवर मेलेल्यांपैकीही दहातले नऊ आपण मोजले नाहीत.

गणिताने प्रश्न किती मोठा आहे ते सांगितले. औषध का चालत नाही, हे जीवशास्त्राकडून कळले. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांची प्रयोगशाळा सापांच्या विषाच्या उत्क्रांतीचा अभ्यास करते. आपण ज्याला सापाची लस म्हणतो ते प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनते. घोड्याला विषाच्या लहान लहान मात्रा टोचत गेले की त्याच्या शरीरात त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, ती वेगळी काढायची. मूळ रीत एकोणिसाव्या शतकातली. साहजिकच घोड्याला जे विष दाखवले त्यालाच ते औषध ओळखते. भारतात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचे विष वापरतात आणि ते मुख्यतः चेन्नईजवळच्या इरुळा गारुड्यांच्या सहकारी संस्थेकडून येते. १९७८ साली स्थापन झालेल्या या संस्थेने देशावर केलेले उपकार मोठे आहेत. पण त्यांचे साप तामिळनाडूचे.

विष हे सापाचे शिकार करण्याचे साधन आहे. शिकार बदलली, हवामान बदलले, की पिढ्यानपिढ्या विषही बदलत जाते. २०१९पासून सुनगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधांतून दिसले की, एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक वेगळे असते आणि बाजारातले प्रतिविष काही प्रदेशांतल्या घोणशीपुढे अपुरे पडते. या चौघांबाहेरचे साप तर वेगळेच. पश्चिम भारतातली सिंधी मण्यार घ्या, किंवा बंगाल व ईशान्येकडचा एकचक्री नाग. कोलकाता किंवा गुवाहाटीला स्थायिक झालेल्या मराठी वाचकांनी हे ध्यानात ठेवावे की त्यांच्याकडे ज्याला केउटे म्हणतात तो हा नाग बाटलीवरच्या चार नावांत नाही. २०२५च्या एका निबंधात तर देशातील ३४ ठिकाणच्या ११५ घोणशींचे विष तपासून ते तापमान आणि पर्जन्यमानाशी ताडून पाहिले आहे, जेणेकरून एखाद्या भागातल्या घोणशीच्या विषाचा गुण आधीच अजमावता यावा.

आता हे ज्ञान कुठे येऊन अडते ते पाहा. राज्याचे औषध खरेदी महामंडळ प्रतिविषाचे टेंडर काढते. अटीत लिहिलेले असते : भारतीय औषधकोशानुसार. औषधकोश म्हणतो की, एक मिलिलिटर औषधाने नाग व घोणशीचे प्रत्येकी ०.६० मिलिग्रॅम आणि मण्यार व फुरशाचे प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करावे. कोणत्या प्रदेशातल्या नागाचे, कोणत्या घोणशीचे, याबद्दल टेंडरची अट मौन पाळते. मग सर्वांत कमी दराला पुरवठा आदेश जातो. मी स्वतः अशा खरेदी समित्यांवर बसलो आहे आणि 'आमच्या राज्यातल्या सापावर हे तपासले आहे काय' असा प्रश्न कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. मीही विचारला नाही. हा प्रश्न टेंडरमध्ये यायला नवा कायदा लागत नाही, एक ओळ लागते. एकदा ती ओळ आली की प्रादेशिक प्रतिविष बनवण्यात उत्पादकाला अर्थ वाटू लागेल. आज त्याला तो का वाटावा?

दुसरी अडचण परवानगीची. साप वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहेत आणि ते योग्यच आहे. पण पाच राज्यांतल्या घोणशींची तुलना करायची तर पाच राज्यांच्या मुख्य वन्यजीव संरक्षकांकडे पाच अर्ज, पाच प्रश्नावल्या आणि पाच वेगवेगळ्या चाली. संशोधन करणारा विद्यार्थी पाच वर्षांत पीएच.डी. करतो. त्यातला किती काळ प्रयोगशाळेत गेला आणि किती काळ आवक-जावक विभागात, याचा हिशेब कोणत्याही निबंधात छापला जात नाही. राष्ट्रीय पातळीवर एक सामायिक परवाना देऊन राज्यांना केवळ कळवण्याची पद्धत करता येईल. वनखात्यातील माझे मित्र यावर रागावतील. असो.

तिसरे टोक आरोग्य केंद्राचे. प्रतिविष दिल्याने काही रुग्णांना तीव्र प्रतिक्रिया येते. तिला उतारा ॲड्रिनलीन आहे, ते स्वस्त आहे, पण एकट्या पडलेल्या तरुण डॉक्टरला भीती वाटते आणि तो औषध हाताशी असून 'रेफर' लिहितो. घोणस चावली की रक्त गोठत नाही. ते पाहण्याची चाचणी अगदी सोपी आहे : स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे, मग कलते करून पाहायचे. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही. साबणाने धुतलेलीही नको. ही नळी काही रुपयांची असते आणि साठा रजिस्टरात तिचा वेगळा रकाना नसतो.

याच टोकावरून संशोधनही होऊ शकते, हे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी दाखवून दिले आहे. कोकणातल्या विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी निरीक्षणे केली, १९८२ साली ती 'लॅन्सेट'मध्ये छापली गेली, आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे औषध विंचवाच्या विषावर चालते हे त्यांनी सिद्ध केले. मोठी प्रयोगशाळा त्यांच्यापाशी नव्हती. नीट लिहिलेल्या नोंदी होत्या.

गेल्या काही वर्षांत चक्र हलले आहे, हे मान्य केले पाहिजे. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राने सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती योजना जाहीर केली, २०३०पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. त्याच वर्षी कर्नाटकाने सर्पदंशाची नोंद सक्तीची केली आणि नोव्हेंबरमध्ये केंद्रीय आरोग्य खात्याने इतर राज्यांना तसे करण्यास लिहिले. फेब्रुवारी २०२४मध्येच अमेरिका, इंग्लंड आणि बेंगळुरूच्या संशोधकांनी मिळून प्रयोगशाळेत घडवलेले एक मानवी प्रतिपिंड जाहीर केले. नाग, मण्यार यांच्या कुळातल्या सापांच्या विषातील एका गटाच्या मज्जाविषांवर ते उंदरांमध्ये गुणकारी ठरले. घोणशीवर ते चालायचे नाही, माणसांवरच्या चाचण्या व्हायच्या आहेत, पण घोड्याशिवायचे औषध आता निव्वळ कल्पना राहिलेली नाही. ते येईल तेव्हा त्याचेही टेंडर निघेल.

तोवर कलेक्टरच्या हातात एक काम आहे आणि त्याला अनुदान लागत नाही. दर महिन्याला महसुलाच्या फायली, आरोग्याचा तक्ता आणि पोलिसांचे आकस्मिक मृत्यूचे रजिस्टर हे तीन कागद एका टेबलावर ठेवायचे. नाकारलेले दावेही त्यात घ्यायचे. गाव, तारीख, वेळ, झोपण्याची जागा, आधी कुठे नेले आणि कुठून कुठे पाठवले, एवढे लिहायचे. एका पावसाळ्यात कळेल की प्रतिविष कोणत्या केंद्रात हवे.

गेल्या वर्षी मसुरीत प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्यांपुढे बोलताना मी हे सांगितले होते. त्यांच्यातल्या एकीचा जूनमध्ये फोन आला. तिच्या उपविभागात तिने तिन्ही रजिस्टरे जुळवली होती. आरोग्याच्या तक्त्यात चार मृत्यू होते, तिच्या यादीत एकोणीस. मी तिला विचारले, काचेच्या नळ्या आहेत का? ती म्हणाली, "सर, सात केंद्रांपैकी दोन ठिकाणी सापडल्या. बाकीच्यांसाठी मागणी केली आहे, पण स्टोअरवाले म्हणतात प्लास्टिकच्या घ्या, त्या शिल्लक आहेत."