हाताला ताप कळतो, पण किती ते कळत नाही

पालकहो, अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या आसपासच्या वस्तीतलं मूल शाळेत आलं नाही की निरोप ठरलेला असतो, "सर, अंगात कसर आहे." किती आहे विचारलं तर म्हणतात, "लई गरम लागतंय." चादरी आणि टॉवेलचं माप चोख ठेवणारी ही माणसं लेकराचा ताप मात्र अंदाजानं सांगतात. मला हे पटत नाही.

हाताची परीक्षा घरीच घेऊन बघा. तीन भांडी घ्या. एकात सोसवेल इतकं गरम पाणी, दुसऱ्यात माठातलं गार, तिसऱ्यात कोमट. एक हात गरम पाण्यात, दुसरा गार पाण्यात मिनिटभर ठेवा आणि मग दोन्ही हात कोमट पाण्यात घाला. एकाच पाण्याला एक हात गार म्हणेल, दुसरा गरम! आता सांगा, धुणं धुऊन उठलेल्या आईच्या हाताला मुलाचं कपाळ कसं लागेल? आणि भाकरी भाजून उठलेल्या आईच्या हाताला?

म्हणून घरात एक डिजिटल थर्मामीटर हवाच. जिभेखाली ठेवा, ओठ मिटा, बीप वाजेपर्यंत काढू नका. चहा किंवा गार पाणी प्यायल्यावर अर्धा तास थांबा. लहान मुलांना काखेत लावा, पण आधी घाम पुसा. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश फॅरनहाइट कमी येतो. (काचेचा पाऱ्याचा असेल तर मुलांच्या हाती नको. फुटलाच तर पारा हातानं गोळा करू नका.)

९८.६ हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. जर्मन डॉक्टर वुंडरलिश यांनी १८६८ साली हजारो रुग्णांच्या नोंदींवरून ३७ अंश सेल्सिअस ही सरासरी मांडली, तीच ही. पण ती सरासरी आहे. पहाटे अंग थोडं थंड असतं, संध्याकाळी थोडं गरम. तेव्हा ९९ दिसलं की गोळी, हे योग्य नाही. साधारण १००.४ पासून पुढे ताप धरतात. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र इतका ताप दिसला तर घरी थांबूच नका, थेट डॉक्टर गाठा.

आपल्या सोलापुरात आणखी एक गोष्ट. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यात पत्र्याचं छत आणि मागाची धग. पाळीवरून आलेला माणूस बरळतोय, झोकांड्या जातोय आणि थर्मामीटर १०४ च्या आसपास दाखवतोय, तर तो उष्माघात समजा. इथं पॅरासिटामॉल उपयोगाचं नाही, कारण हा जंतूंचा ताप नाही. सावलीत न्या, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि लगेच दवाखान्यात हलवा.

जाताना तारीख, वेळ, तोंडातला की काखेतला आणि आकडा, एवढं वहीच्या मागच्या पानावर लिहून न्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.