तबकडीला तिची सुई हवी
कुपवाडच्या एखाद्या जुन्या कपाटात लाखेच्या तबकड्या निघाल्या, तर शेजारच्या मिरजेत राहिलेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज त्यांत असू शकतो. अशा घरी माझा आग्रह एकच असतो: महागड्या स्पीकरआधी कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारा भाग, आणि फोनो प्रीअँप यांचा विचार करा. ७८ आरपीएमच्या तबकडीची खाच रुंद, तिला साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते. एलपीची १८ मायक्रॉनची सुई तिच्या तळाशी घासत जाते आणि गाण्याऐवजी खरखर वेचते. म्हणून सुई बदलता येणारी मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजच घ्यावी. मूव्हिंग कॉइल या दुसऱ्या प्रकाराचा नाद नाजूक खरा, पण तिचा विद्युतसंदेश बहुधा अर्ध्या मिलिव्होल्टच्या आत, त्यामुळे प्रीअँप अधिक ताकदीचा हवा, आणि सुई झिजली की बहुतेक वेळा सगळी कार्ट्रिजच बदलावी लागते. प्रीअँपचं काम नुसतं आवाज वाढवण्याचं नाही. मुद्रण करताना दाबलेला खर्ज तो परत उचलतो, चढवलेले तारस्वर उतरवतो. त्यासाठीचं आरआयएए हे प्रमाण मात्र १९५४ सालचं. खाँसाहेब गेले १९३७ साली! त्यांच्या १९०५च्या सुमाराच्या तबकड्या तर कर्ण्यातून, विजेविना मुद्रित झालेल्या. तेव्हा खर्ज-तारस्वरांची ही उचल-उतार बदलता येणारा, मोनोचं बटण असलेला प्रीअँप शोधा. मोनो केल्यावर खाचेतली बरीच खरखर विरते. तेवढे पैसे नसतील तर निदान ७८ची वेगळी सुई घ्या, आणि ती येईपर्यंत त्या तबकड्या एलपीच्या सुईखाली ठेवू नका.