पळता पळता वाकायचं!

पळणाऱ्या मुलाला मोठी माणसं काय म्हणतात? "सावकाश! पडशील!" पण स्वीडन नावाच्या थंड देशात एक गृहस्थ आहेत, ते पळता पळता मुद्दाम थांबतात, खाली वाकतात, रस्त्यातली बाटली उचलून पिशवीत टाकतात आणि पुन्हा पळू लागतात. त्यांचं नाव एरिक आलस्ट्रॉम. २०१६ साली ते स्टॉकहोम शहरात राहायला आले, तेव्हा रस्त्याकडेचा कचरा पाहून त्यांना राहवेना. स्वीडिश भाषेत 'प्लोका' म्हणजे वेचणं. ते जॉगिंगला जोडलं आणि खेळाचं नाव पडलं 'प्लॉगिंग'!

आपल्या पुण्यातही २०१८ साली विवेक गुरव या तरुणानं असा गट सुरू केला. पुढं शिकायला ते इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला गेले, तर तिथंही पिशवी घेऊन पळू लागले. २०२३ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांतर्फे त्यांना 'पॉइंट्स ऑफ लाइट' हा पुरस्कार मिळाला.

हे सगळं मी वर्गात सांगितलं आणि फसले. "बाई, आपण कधी?"

झालं! रविवारी सकाळी सहाला अकरा मुलं शाळेच्या फाटकाशी हजर. सोबत खताच्या दोन रिकाम्या गोण्या. शाळेपासून ओढ्यापर्यंत पळायचं, दिसेल ते उचलायचं. करून बघा, नुसतं पळण्यापेक्षा हे अवघड आहे. दर दहा पावलांना उठाबशी! शंभरेक वेळा वाकल्यावर मांड्या अशा भरून आल्या, की सोमवारी मला खुर्चीवरून उठताना टेबल धरावं लागलं.

ओढ्याजवळ गोणी उलटी करून मुलांनी मोजदाद केली. बाटल्या थोड्याच होत्या, कारण त्या भंगारवाला घेतो म्हणून कोणीतरी आधीच वेचतं. सगळ्यांत जास्त निघाल्या गुटख्याच्या पुड्या. त्यांत प्लॅस्टिक आणि चमकीचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सहज सुटे होत नाहीत, म्हणून भंगारवाला त्यांना हात लावत नाही. चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, गुटख्याला बंदी आहे ना?" आहे, २०१२ पासून आहे. "मग पुड्या येतात कुठून?" मी म्हटलं, "घरी जाऊन विचार." पालकहो, तुमच्याकडे हा प्रश्न आला असेल, तर तो माझ्याकडूनच आला आहे.

आता माझी चूक सांगते. हातमोजे नव्हते. फुटक्या बाटलीची काच एका मुलाच्या बोटात शिरली. जखम लहानच होती, धुऊन पट्टी बांधली, दवाखान्यात नेऊन धनुर्वाताचं इंजेक्शनही दिलं. पण संध्याकाळी त्याची आई माझ्या दारात.

"बाई, पोराला शिकाया धाडलंय, उकिरडा उपसाया न्हाई. ही कामं आमच्या सासूनं जन्मभर केली. आता नातवानंबी तेच करायचं व्हय?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. त्यांचं खोटं नव्हतं. आपण रविवारी एक तास वाकलो की आपलं कौतुक होतं, आणि गावाचा कचरा रोज उचलणाऱ्या बायका-माणसांना साधे हातमोजेही नाहीत. शेवटी मी एवढंच म्हटलं, "चुकलं माझं. मोज्यांशिवाय एकालाही नेणार नाही. आणि पोराची जात-पात, घर बघून काम दिलं तर मला जाब विचारा. सरपणाची मोळी उचलल्यासारखं सगळ्यांनी सारखंच उचलायचं." त्या काही न बोलता गेल्या.

तेव्हापासून नियम केले. मोजे आणि चिमटा हवाच. काच, सुई, ब्लेड दिसलं की हाक मारायची, ते मी उचलणार. मोठ्या रस्त्यावर पळायचं नाही. घरी जाऊन साबणानं हात धुतल्याशिवाय खायचं नाही.

मध्येच एकानं सुचवलं, "पळता पळता माळावर झाडं लावू या!" कल्पना छान, पण थांबा. सोलापूर-बार्शी रस्त्यावर नान्नजला माळढोकाचं अभयारण्य आहे ना? त्या पक्ष्याला मोकळा, गवताळ माळच लागतो. दाट झाडी झाली तर त्याचं घरच गेलं. आधीच तो तिथून जवळजवळ दिसेनासा झाला आहे. त्यामुळे झाड कुठं लावायचं हेही विचारून घ्यायचं असतं.

आणि अंग मोडून काम करणं आपल्याला स्वीडननं शिकवावं असंही नाही बरं का! आपल्याच बार्शी तालुक्यातलं सुर्डी गाव २०१९ मध्ये वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिलं आलं, ते उन्हाळ्यात श्रमदानानं पाणी अडवण्याची कामं करून. त्या हातांना कुणी 'व्यायाम करा' म्हणून सांगितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी नऊच मुलं आली. आम्ही निघणार, एवढ्यात मागून हाक आली, "बाई, थांबाऽ!" बोटाला पट्टी बांधलेला तोच मुलगा. हातात वडिलांचे चामडी मोजे, बाभळीचे काटे तोडताना घालायचे. इतके मोठे की पळताना एक गळून पडला. तो उचलायला वाकला, तर शेजारीच पुडी पडलेली.

"बाई, पहिली माझी!" तो ओरडला.