उंच केलेली गाडी व तिचा मागचा बंपर

मोटारीची बॉडी चासीवरून उचलून गाडी उंच करून घेण्याची चाल अमेरिकेंत फार रूढ आहे. आतां ती आपल्याकडील जीप व पिकअप बाळगणाऱ्या कांहीं बागाईतदारांतही दिसूं लागली आहे. त्यांतील मागच्या बंपरचा प्रश्न केवळ शोभेचा समजला जातो. आमच्या मतें तेथें गांठ जिवाशीं आहे.

या कामांत बॉडी व चासी यांमधील रबरी गाद्यांच्या जागीं १ ते ३ इंच उंचीचे ठोकळे घालून लांब बोल्ट बसवितात. बॉडी वर जाते. चासी, चाकांचा आंख व चासीला जखडलेला बंपर हे मात्र जागच्या जागीं राहतात. मग बॉडी व बंपर यांमध्यें फट पडते. ती डोळ्यांस खुपते, म्हणून कारागीर पट्ट्या जोडून बंपर तेवढाच वर घेतो. फट बुजते, परंतु जो बंपर चासीला थेट भिडलेला होता, तो आतां पट्टीच्या टोंकावर उभा राहतो. तरफेच्या न्यायानें पट्टी जितकी लांब तितका बोल्टांवर ताण अधिक. आपल्याकडे याच बंपरवर पाय देऊन मंडळी गाडींत चढतात आणि रुतलेली गाडी ओढण्यास त्यालाच दोर बांधतात. दोर ताणला असतां पट्टी तुटली, तर तें लोखंड कोणाच्या अंगावर जाईल याचा नेम नाहीं.

कोणी म्हणतील, पावसाळ्यांत शिवाराच्या वाटेवर उंच गाडी हवीच. गरज खरी आहे. उपाय मात्र खोटा आहे. बैलगाडीची साटी उंच केली म्हणून आंख चिखलांतून वर येत नाहीं. बॉडी उचलल्यानें फक्त मोठ्या टायरांस जागा होते. तसे टायर घातले म्हणजे आंख थोडा वर येतो खरा; पण इंजिनावर ओढ वाढते, ब्रेकांचा जोर कमी पडतो व वेगदर्शक कांटा खऱ्याहून कमी वेग दाखवितो.

कायदाही या हौसेच्या आड येतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं न जुळणारा फेरफार करण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें तोच अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारास ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच कीं, वाट वाईट असेल तर घेतांनाच उंच बांधणीची गाडी घ्यावी. घेतलेली उंच करूं नये. उंच केलेली जुनी गाडी विकत घेण्याचा प्रसंग आला, तर आधीं तिच्याखालीं वांकून पाहावें. बंपर कशावर उभा आहे, ओढण्याचा हूक चासीलाच आहे कीं पट्टीला, स्टिअरिंगचा दांडा, हातब्रेकची तार व इंधनाची नळी ताणली गेली आहे काय, हें तपासावें आणि नोंदणीचा कागद ताडून घ्यावा. बैल घेतांना आपण त्याचे दांत पाहतों, खूर पाहतों. ज्या गाडींतून आपलीं मुलेंमाणसें जावयाचीं, तिच्याविषयीं याहून कमी दक्षता शेतकऱ्यास शोभत नाहीं.