एका घरात दोन पेट्या



२०२५ साली अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशपद्धती सबंध महाराष्ट्रात लागू झाली. तोवर ती काही मोठ्या शहरांपुरती होती. त्या वर्षी लाखांदूर आणि पवनीच्या मुलामुलींनाही महाविद्यालयांचा पसंतीक्रम पडद्यावरच भरावा लागला. अशा दिवसांत घराच्या मागच्या खोलीत नेट पोहोचत नाही अशी तक्रार सुरू झाली, की वडील बाजारातून वेगळा राउटर घेऊन येतात. तो कंपनीच्या मोडेमला जोडतात आणि मग पुष्कळदा असे होते, की आधी निदान पुढच्या खोलीत चालणारे नेटही बंद पडते. दोष कोणाचा? राउटर खराब निघाला, असे ठरवून तो परत केला जातो. माझे मत असे, की दहांपैकी नऊ वेळा राउटर निर्दोष असतो. आपण त्याला चुकीचे काम दिलेले असते.

भिंतीवरची ती पेटी तुम्ही रोज पाहता. घरात तिला कोणी मोडेम म्हणते, कोणी राउटर, कोणी नुसते ‘वायफाय’. वस्तुतः ही तीन वेगळी कामे आहेत आणि कंपनीने ती एकाच डब्यात कोंबली आहेत. मोडेमचे काम भाषांतराचे. २००५ च्या सुमारास आपल्याकडे टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड येऊ लागले. त्याच तारेवर ४ किलोहर्ट्‌झच्या खाली आपले बोलणे आणि २५ किलोहर्ट्‌झच्या वर संगणकाची माहिती, असे दोन्ही प्रवाह एकमेकांना धक्का न लावता वाहत. आता बहुतेक ठिकाणी प्रकाशतंतू आला आहे. त्यात येणारी माहिती १४९० नॅनोमीटर आणि जाणारी १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर स्वार होते. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच तंतूचे मोकळे टोक डोळ्यांसमोर धरून ‘काही दिसते का’ हे कधीही पाहू नका.

दुसरे काम राउटरचे. इंटरनेटवरील जुन्या पद्धतीचे पत्ते ३२ द्विमान अंकांचे असतात. म्हणजे फार तर सुमारे ४२९ कोटी. जगाला ते पुरत नाहीत. तेव्हा १९९६ च्या एका प्रमाण नियमाने काही पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवले. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांपैकीच. कंपनी तुमच्या घराला एक पत्ता देते. घरातल्या दहा यंत्रांना आतले पत्ते वाटणे आणि बाहेरून आलेले उत्तर नेमके ज्याचे त्याला पोहोचवणे, हे राउटरचे काम. तिसरे काम वायफायचे, म्हणजे केवळ तारेऐवजी रेडिओलहरी वापरण्याचे.

आता प्रत्येक वर्गाच्या हजेरीपटावर १ क्रमांकाचा विद्यार्थी असतोच. साकोलीच्या शाळेतही असतो आणि तुमसरच्याही. वर्ग वेगळे आहेत तोवर काही बिघडत नाही. पण दोन वर्ग एका खोलीत बसवले आणि दोन्ही गुरुजी एकदम हजेरी घेऊ लागले, तर?

माझ्या घरी नेमके हेच झाले. मोडेमच्या लॅन पोर्टातून केबल काढून मी नव्या राउटरच्या लॅन पोर्टात घातली आणि पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक असल्याच्या ऐटीत खुर्चीवर बसलो. दोन्ही पेट्यांचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ होता आणि दोन्ही पत्ते वाटत होत्या. एक मोबाइल चाले, दुसरा चालत नसे. पंधरा मिनिटांनी उलटे होई. मुलीने नवी पेटी बंद केली आणि सारे सुरळीत झाले. तेव्हा मला ध्यानात आले, की आमचे संदेश कधी मोडेमकडे जात होते, तर कधी जिला बाहेरची वाटच नाही अशा नव्या पेटीकडे.

उपाय सोपा आहे. घरात पत्ते वाटणारा एकच असावा. केवळ वायफाय लांबवायचे असेल, तर आधी नवा राउटर एकट्याने संगणकाला जोडा. त्याचा पत्ता बदला. मोडेम जे पत्ते वाटतो, त्यांच्या बाहेरचा घ्या. त्याचे पत्तेवाटप, म्हणजे डीएचसीपी, बंद करा आणि मगच लॅन ते लॅन केबल घाला. वॅन पोर्ट रिकामे राहू द्या. अनेक राउटरांत ‘ॲक्सेस पॉइंट’ नावाची सोय असते. ती हेच सारे एका फटक्यात करते. मात्र तिथे केबल कोणत्या पोर्टात घालायची, ते माहितीपत्रकात पाहावे.

दुसरी रीत वॅन पोर्ट वापरण्याची. तेव्हा आतल्या पत्त्यांची मालिका वेगळी हवी, जसे १९२.१६८.५०. यात भाषांतर दोनदा होते. वाचण्या-पाहण्यात फरक जाणवत नाही. पण पहिल्या पेटीला जोडलेला प्रिंटर आपोआप सापडत नाही आणि शेतावरून घरचा कॅमेरा पाहताना अडचण येऊ शकते. तिसऱ्या रीतीत मोडेमला केवळ भाषांतरापुरते ठेवून बाकी सारे आपल्या राउटरवर सोपवतात. मला हीच अधिक आवडते. परंतु कंपनीने दिलेले वापरकर्तानाव व परवलीचा शब्द हाती नसताना तिच्या वाटेला जाऊ नका. मोडेमच्या पाठचे बारीक भोक टाचणीने दाबून तर मुळीच पाहू नका. त्याने ही माहिती पुसली जाते.

दुसरी पेटी ठेवावी कोठे, याचाही विचार हवा. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्‌झची ६ सेंटिमीटर. दुसरी वेगवान खरी, पण भिंतीपलीकडे लवकर क्षीण होते. आपल्याकडच्या कवेलूच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती, टिनाचे पत्रे, लोखंडी कपाट हे सारे तिचे वैरी. दुकानदार बिनतारी रिपीटर सुचवतो. पण साधा रिपीटर ज्या लहरींवर ऐकतो त्यांवरच बोलतो, म्हणून वेग जवळजवळ निम्मा होतो. त्यापेक्षा केबल टाका. एक सलग केबल १०० मीटरपर्यंत चालते. एवढे लांब घर भंडारा जिल्ह्यात मी तरी पाहिलेले नाही.

आणि मोबाइलवरच्या त्या रेघा! ‘रेघा पूर्ण आहेत, पण नेट नाही’ या वाक्यात काहीही चमत्कारिक नाही. रेघा फक्त मोबाइल ते पेटी एवढेच अंतर सांगतात. पेटीच्या पुढे तंतू तुटला असेल, तरी त्या पूर्णच दिसतील.

हे काम तुम्ही स्वतः करावे, तंत्रज्ञाची वाट पाहू नये, असे माझे म्हणणे आहे. शिक्षकबंधूंनाही एक विनंती आहे. ओहमचा नियम तोंडपाठ असलेली मुले माझ्याकडे येतात, पण घरातल्या पेटीच्या मांडणीचे पान त्यांनी कधी उघडलेले नसते. निकामी म्हणून टाकलेला एखादा राउटर प्रयोगशाळेत आणा. इंटरनेट नसले तरी चालेल. लहरींची तीव्रता दाखवणारे फुकट ॲप मोबाइलवर मिळते. ते डीबीएममध्ये ऋण आकडा दाखवते. आकडा १० ने खाली गेला, की शक्ती एक दशांश झाली असे समजावे. एक मीटरवर मोजा, पाच मीटरवर मोजा, भिंतीमागे मोजा आणि आलेख काढा. ज्यांच्या घरी मातीची भिंत आहे, त्यांनी हेच एकदा एप्रिलात आणि एकदा भर श्रावणात, भिंत ओली असताना मोजावे. आकडे किती उतरले, ते संपादकांच्या पत्त्यावर जरूर कळवा.