भंगारात निघालेल्या गाडीची माया

१ जुलै २०२५ रोजी दिल्लीतील पेट्रोलपंपांवर एक अजब प्रयोग सुरू झाला. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना इंधनच द्यायचे नाही, असा तो आदेश होता. लोकांचा रोष एवढा उसळला की काही दिवसांतच तो थांबवावा लागला. त्या वादात कायदा आणि प्रदूषण यांच्या जोडीने आणखी एक सूर ऐकू येत होता: घरातल्या माणसासारखी सांभाळलेली गाडी भंगारवाल्याच्या हवाली कशी करायची?

विज्ञानाची आवड असणारी मंडळी या प्रश्नाला बहुधा हसतात. ते हसणे मला पटत नाही. ज्या देशात दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार चढतो आणि विश्वकर्मापूजेला कारखान्यातील यंत्रासमोर फुले वाहिली जातात, तेथे वस्तूवर जीव जडणे हा काही बुद्धीचा दोष नव्हे. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते जिची किल्ली दिली गेली, ती पहिली मारुती ८०० आज डागडुजी करून कंपनीच्या मुख्यालयात जपून ठेवली आहे. कायद्यालाही ही माया ठाऊक आहे. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षे ओलांडलेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. म्हणजे राजधानीत पंधराव्या वर्षी जी अडगळ ठरते, तिने आणखी पस्तीस वर्षे तग धरला तर ती वारसा होते!

मात्र ही माया विज्ञानाचा आधार घेऊ लागली की गडबड होते. ‘नवी गाडी घडवताना कार्बन खर्च होतो, तेव्हा जुनी चालवणे हेच खरे पर्यावरणप्रेम’ हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. पेट्रोल गाडीच्या आयुष्यभराच्या कार्बन डायऑक्साइडपैकी मोठा वाटा कारखान्यातून नव्हे, तर धुराड्यातून येतो. शिवाय फुप्फुसांचा हिशेब निराळा असतो. धुरातील विषारी वायूंचे रूपांतर करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची सक्ती आपल्याकडे १९९५ साली चार महानगरांपासून सुरू झाली. बीएस-६ मानके देशभर लागू झाली ती एप्रिल २०२०मध्ये. कन्व्हर्टरही म्हातारा होतो. त्यातील प्लॅटिनम-पॅलेडियमचे सूक्ष्म कण वर्षानुवर्षांच्या उष्णतेने एकमेकांना चिकटून मोठे होतात, क्रियेसाठी उपलब्ध पृष्ठभाग घटतो आणि विषारी वायू तसेच बाहेर पडू लागतात. गाडी बाहेरून कितीही चकचकीत ठेवली तरी आतले हे वार्धक्य दिसत नाही.

अर्थात वय हेही मापक ढोबळच. निवृत्त शिक्षकाची आठवड्यातून एकदा निघणारी गाडी आणि अहोरात्र धावणारी टॅक्सी यांना एकाच पट्टीने मोजणे शास्त्रीय नव्हे. चाचणीवर आधारलेले राष्ट्रीय धोरण मला म्हणूनच अधिक पटते. अट एवढीच की चाचणी खरी हवी. पीयूसी केंद्रावर पेट्रोल गाडीचे नायट्रोजन ऑक्साइड मोजलेच जात नाहीत.

पण या साऱ्या वादात ‘गाडी केव्हा मोडायची’ यावर जेवढी चर्चा झाली, त्याच्या शतांशानेही ‘कशी मोडायची’ यावर झाली नाही. माया दाखवायची खरी जागा तेथे आहे. या शतकात आपल्याकडे विकल्या गेलेल्या बहुतेक वातानुकूलित गाड्यांत आर-१३४ए नावाचा वायू असतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,३०० पट तापमानवाढ घडवतो. छोट्या गाडीत तो अर्धा किलो धरला, तर नळी कापताक्षणी साडेसहाशे किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम हवेत सुटतो. तेवढ्यासाठी सुमारे २८० लिटर पेट्रोल जाळावे लागेल. कुणाला धूर दिसत नाही, वासही येत नाही.

इंजिन ऑइल गटारात जाते. शीतकातील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते. सांडलेले जनावरे चाटतात. तांब्यासाठी वायरी जाळल्या की त्यांच्या पीव्हीसी वेष्टनातून डायॉक्सिन तयार होतात. उलट वायरी तशाच राहून पोलादाबरोबर भट्टीत गेल्या, तर वितळलेल्या पोलादातून तांबे सहजी वेगळे काढता येत नाही आणि तापवून लाटताना त्या पोलादाला भेगा पडतात. म्हणून भट्टीआधी हाताने वायर सोलून काढणाऱ्या कामगाराचे कौशल्य हे धातुशास्त्राच्या दृष्टीने मोलाचे आहे. त्याला हातमोजे मिळतात का, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात २०१०मध्ये एका विद्यापीठाने विकलेल्या जुन्या उपकरणातील कोबाल्ट-६०मुळे एका कामगाराचा जीव गेला. समोर आलेल्या वस्तूच्या पोटात काय आहे, हे त्या माणसांना कुणीही सांगितले नव्हते.

लाडक्या वस्तूचे विसर्जन आपल्याला नवे नाही. मूर्ती विसर्जित करायचीच असते; ती कशाची घडवली आणि कोठे बुडवली यावर नदीचे भवितव्य ठरते, हे आपण उशिरा का होईना शिकत आहोत.

आयुर्मान संपलेल्या वाहनांविषयीचे केंद्राचे नियम १ एप्रिल २०२५पासून लागू झाले आहेत. मालकाने गाडी १८० दिवसांत अधिकृत ठिकाणी जमा करायची आणि उत्पादकाने पुनर्वापराची जबाबदारी घ्यायची, अशी त्यांची रचना आहे. पाऊल योग्य दिशेने आहे. पण उत्पादकाचे उद्दिष्ट मोजले जाते ते परत मिळवलेल्या पोलादाच्या वजनात. पोलादाला बाजारात भाव आहे, नियम नसता तरी ते भट्टीपर्यंत पोहोचलेच असते. ज्याला भाव नाही, त्या वायूसाठी, शीतकासाठी, सीटच्या फोमसाठी तसे उद्दिष्ट नाही. नियमांची पुढची दुरुस्ती तेथे व्हायला हवी. तोवर आपली गाडी देताना केंद्रचालकाला एवढे तरी विचारावे: एसीतला वायू काढून घेण्याचे यंत्र तुमच्याकडे आहे का, आणि असल्यास ते चालू करून दाखवाल का?