वऱ्हाडामागची गाडी

बार्शीच्या आमच्या वाड्याची मागची भिंत यंदा उतरवायची ठरली आणि त्यासाठी माळा रिकामा करावा लागला. मोडका पाळणा, पत्रावळींचे गठ्ठे, जुने कंदील यांच्यामागून एक पत्र्याची ट्रंक निघाली. तिच्यात काळ्या पानांचे तीन अल्बम. पानापानाच्या मध्ये तो झिरझिरीत कागद, कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला. ज्यांनी असे अल्बम चाळलेत त्यांना त्या कागदाची सळसळ आत्ताही ऐकू येईल.

ओट्यावर सतरंजी टाकून आम्ही बसलो, मध्ये आजी. बघता बघता शेजारपाजारची माणसं जमली. अल्बम उघडला की आमच्याकडे दार कुणी लावून घेत नाही.

पहिलाच फोटो आजीच्या लग्नाचा. खरं तर वऱ्हाड परत निघालं तेव्हाचा. मुंडावळ्या अजून सुटलेल्या नाहीत, आजोबांचा फेटा एका बाजूला कललाय आणि आजी इतकी खाली बघतेय की कुंकवाची चिरी तेवढी दिसते. हा फोटो मी पूर्वी पाहिला होता. घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये तो आहे. पण तिथे फक्त नवरा-नवरी आहेत. आमच्यातल्याच कुणीतरी चांगल्या मनानं तो कापून नीटनेटका केला आणि वर रंगही भरून घेतला. मोबाइलनं आजीला हिरवी साडी नेसवली. आजी म्हणाली, "हिरवी कुठली गं? अंजिरी होती. काठ मोतिया."

मूळ फोटोत मात्र त्या दोघांच्या मागे आगगाडीचा डबा उभा आहे. खिडकीतून एक हात बाहेर आलाय, त्याला पाण्याचा तांब्या देणारी दुसरी बाई अर्धीच फोटोत आहे. आणि डब्यावर इंग्रजी अक्षरं: बी. एल. आर. आमची बार्शी लाईट!

या तीन अक्षरांनी घरातला एक जुना वाद मिटवला. आजीच्या लग्नाचं साल कुणालाच ठाऊक नव्हतं. मोठा मामा म्हणायचा 51, मावशी म्हणायची 55. आजीला विचारलं की ती म्हणायची, "गांधीजी गेले त्यानंतर." आता बार्शी लाईट ही कंपनीची गाडी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं ती उभी केली. अडीच फुटी रुळांवरून 1897 मध्ये ती आधी बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून बार्शीला धावली, मग 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर आणि 1927 ला मिरज गाठली. 1 जानेवारी 1954 रोजी ती सरकारनं घेतली. तेव्हा डब्यावर कंपनीची अक्षरं आहेत, म्हणजे लग्न बहुधा त्याआधीचं. अक्षरं पुसायलाही काही महिने लागले असतील, पण 55 नक्की नाही, असं मावशीनंही मान्य केलं. डबा कापला होता तोवर हे कुणाच्या लक्षातच येणं शक्य नव्हतं.

या गाडीचे फोटो तसे पुष्कळ आहेत. परदेशातले रेल्वेवेडे लोक खास तिच्यासाठी इथवर येऊन फोटो काढून गेले. त्यांच्या फोटोत इंजिन अगदी चाकाच्या आरीपर्यंत स्वच्छ दिसतं आणि त्यांच्यामुळेच आपल्याला ते पाहायला मिळतं, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पण एकादशी पंढरपुरात करून द्वादशीला भगवंताच्या दर्शनाला बार्शीत उतरणारी माणसं, त्यांची गाठोडी, खिडकीतून पुढे होणारा तांब्या, हे आमच्या वऱ्हाडाच्या मागे सापडतं. मोठ्या लाइनच्या कामात ती छोटी गाडी गेली, रूळ उचलले गेले. 'बार्शी तिथे सरशी' म्हणणाऱ्या गावानं तिचा स्वतः मुद्दाम काढलेला फोटो मला तरी आमच्या गल्लीत कुणाकडे मिळालेला नाही. गावाचा फोटो कोण काढणार? रोल महाग, एका रोलमध्ये बारा फोटो. ते बारसं, मुंज, लग्न यांच्यासाठीच राखलेले. गाव आलं ते मागून, न बोलावता.

स्टुडिओंचंही तेच. आमच्या भागातला एक जुना स्टुडिओ बंद झाला तेव्हा काचेच्या निगेटिव्ह धुऊन, पुसून देवांच्या तसबिरींना लावल्या गेल्या. आमच्या देवघरातल्या दत्ताच्या तसबिरीची काच त्यातलीच आहे असं आजी सांगते. मी उजेडात धरून पाहिली. लख्ख स्वच्छ आहे. कुणाचा चेहरा होता तिच्यावर, काही कळायचा मार्ग नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं.

दुसऱ्या अल्बममध्ये मामाचा सायकलवरचा फोटो निघाला. मॅट्रिक झाला म्हणून आजोबांनी घेतलेली नवीकोरी सायकल, हँडलला हार, मामाचे केस तेल लावून चप्प बसवलेले. स्थळ परांडा रस्ता, साल 1973, उन्हाळा. बार्शीकराला हे साल ऐकून पुढचं सांगावं लागत नाही. दुष्काळाचं दुसरं वर्ष. त्या मे महिन्यात राज्यभर जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडायची, रस्ते करायचे, तलाव खणायचे. रेशनवर लाल मिलो, पोरांना सुकडी. आजोबांची पगाराची नोकरी होती म्हणून त्या वर्षीही आमच्या घरी सायकल येऊ शकली आणि तिचा फोटो काढायला कॅमेराही मागून आणता आला.

मामाच्या मागे, जरा धूसर, खडीचा ढीग आहे आणि त्याच्याशी बसलेल्या सात बायका. पदर डोक्यावरून ओढलेले, हातोड्या कुणाच्या वर, कुणाच्या खाली. एक जण कॅमेऱ्याकडे बघतेय. पलीकडे बाभळीला दोन झोळ्या बांधल्यात.

इतकी वर्षं आम्ही हा फोटो 'मामाची सायकल' म्हणूनच ओळखत होतो. त्या दुपारी तो हातोहात फिरला आणि आमच्याकडे भाजी घेऊन येणाऱ्या मावशींपाशी थांबला. त्यांनी चष्मा वर केला, फोटो डोळ्यांपाशी नेला.

"ताई, ही डाव्या हातानं हातोडी धरलेली हाय का?"

मी पाहिलं. होती.

"मग आमची आईच ही. डावरी होती. भाकरी बी डाव्या हातानंच थापायची." थोड्या वेळानं म्हणाल्या, "आईचा एक बी फोटो न्हाई घरात. रेशन कार्डावरचा होता, त्यो पाण्यानं गेला."

तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगतेय: अल्बम बाहेर काढा, पण फोटो कापू नका. ज्यांच्याकडे कॅमेरा नव्हता त्यांचे फोटो आपल्याच फोटोंच्या कडेला, मागे, धूसर पडून आहेत. आपल्याला वाटतं ती अडगळ आहे. कुणाच्या तरी घरात तेवढाच एक चेहरा शिल्लक असतो. म्हाताऱ्या माणसांना नुसतं "हा कोण?" विचारून थांबू नका, "मागं काय दिसतंय?" असं विचारा. नाव कळलं की फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनं हलक्या हातानं लिहा. बॉलपेननं लिहिलं तर वळ पुढे चेहऱ्यावर उमटतो. ते चिकट पानांचे, वर प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेले अल्बम घरात असतील तर त्यांतले फोटो आधी सोडवा. गोंद फोटो खातो.

फोटो मोठा करून आणला तेव्हा मावशींच्या आईचा चेहरा आणखी विरला, नुसते दाणे झाले. म्हणून मी त्यांना आख्खाच दिला, मामा आणि सायकलसकट. चार दिवसांनी त्या आल्या ते आणखी दोघींची नावं घेऊन. आपल्या चुलतीकडे परांड्याला जाऊन विचारून आल्या होत्या. मी ती पाठीवर लिहून घेतली. सातातल्या तीन बायका आता नावानिशी आहेत.

निघताना मावशी उंबऱ्यातून परत वळल्या. फोटो उजेडाकडे धरला आणि बाभळीवर बोट ठेवलं.

"त्या उन्हाळ्यात मी चार महिन्याची होते म्हणं. ह्यातली माझी झोळी कुठली असंल, ताई?"